कागदावर तीन औषधं, पिशवीत आठ : मेडिसिन वॉर्डातलं एक क्लर्कशिप प्रकरण

हे प्रकरण फार्म.डी.च्या (डॉक्टर ऑफ फार्मसी या अभ्यासक्रमाच्या) पाचव्या वर्षाला वॉर्डात शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे. रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही आणि आकडे विद्यार्थ्याला हाताने गणित करता यावं असे निवडले आहेत. पण यातली प्रत्येक चूक मराठवाड्यातल्या मेडिसिन वॉर्डात सहज घडू शकणारी आहे.

रुग्ण

बाई 64 वर्षांच्या, वजन 44 किलो, बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातल्या. घर ऊसतोडीचं. मुलगा-सून कोयत्यावर जातात. या स्वतः आता तोडीला उभ्या राहत नाहीत, पण दिवाळीनंतर टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात जाऊन कोपीवर (तोडीच्या झोपडीवर) नातवंडं सांभाळतात आणि पाडव्याच्या सुमारास गावी परततात. मधुमेह नऊ वर्षांचा, रक्तदाब चार वर्षांचा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे सून उठवायला गेली तर बाई उठेनात. अंग घामाने ओलंचिंब. साडेपाचला अपघात विभागात ग्लुकोमीटरवर शुगर 38. 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिली शिरेतून दिलं, म्हणजे 25 ग्रॅम ग्लुकोज. दहा मिनिटांत डोळे उघडले, सुनेला नावाने हाक मारली. वॉर्डात हलवल्यावर साडेनऊला शुगर पुन्हा 52.

प्रकरण खरं सुरू होतं ते या दुसऱ्या आकड्यापासून. 38 चं कारण रात्रीचं चुकलेलं जेवण असू शकतं. 25 ग्रॅम ग्लुकोज पोटात नव्हे, थेट रक्तात गेल्यावर चार तासांत 52 होत असेल, तर साखर खाली ओढणारं काहीतरी अजून अंगात काम करतंय. सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्यांत (ग्लिमेपिराइड याच गटातलं) हे नेहमीचं. शिवाय नुसतं ग्लुकोज दिलं की स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं आणि साखर पुन्हा घसरते.

बाकीचे रिपोर्ट: क्रिएटिनिन 2.1 (सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर 1.0), पोटॅशियम 5.6, बायकार्बोनेट 18, एचबीए1सी 6.3, ईसीजी नॉर्मल, रक्तदाब 104/66. दोन दिवस पातळ जुलाब. ताप नाही, रक्त नाही.

केसपेपरवर चालू औषधं तीन: मेटफॉर्मिन 500 दोन वेळा, ग्लिमेपिराइड 1 मिग्रॅ सकाळी, टेल्मिसार्टन 40 सकाळी. सुनेने अपघात विभागात प्राथमिक आरोग्य केंद्राचं कार्ड दाखवलं होतं, त्यावरून उतरवलेली.

सकाळच्या राउंडला काय झालं

पाचव्या वर्षाच्या विद्यार्थिनीने साडेनऊला केसपेपर उघडला, तीन औषधं वहीत उतरवली, मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये टाकली आणि दहाच्या राउंडला वाचून दाखवलं: अमुक-तमुक इंटरॅक्शन, मध्यम, अमुक, सौम्य, देखरेख ठेवावी. दुसऱ्या वाक्यानंतर निवासी डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्या. चाळीस रुग्णांचा राउंड बाकी असताना कोणीही वळेल.

अ‍ॅपचा दोष नाही. दिवसाला 1 मिग्रॅ ग्लिमेपिराइडने एवढी साखर का उतरली, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. तो विद्यार्थिनीलाही पडला नाही, कारण केसपेपरवर लिहिलेली यादी म्हणजेच औषधांचा इतिहास अशी सवय लागलेली असते. ही सवय लागते कुठे, तेही पाहायला हवं. फार्म.डी.च्या 2008 च्या नियमावलीनुसार दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी रुग्णालयात प्रत्येकी किमान 50 तास, ते किमान 200 दिवसांत विभागून. म्हणजे दिवसाला पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत फाइल वाचून होते, रुग्णाशी बोलून होत नाही. पाचव्या वर्षी रोज सकाळचा अर्धा दिवस राउंडला, हीच क्लर्कशिप. सहाव्या वर्षी इंटर्नशिप: सहा महिने मेडिसिन आणि दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत.

आणि नातेवाईक? राउंडच्या वेळी ते वॉर्डाबाहेर असतात. औषधांची पिशवी त्यांच्याजवळ असते, कधी जीपमध्ये, कधी आवारातल्या लिंबाखाली डब्याशेजारी. क्लर्कशिप दुपारी एकला संपते, पिशवी चारला भेटीच्या वेळी आत येते. या प्रकरणातली निम्मी अडचण एवढ्याच वेळापत्रकाची आहे.

चार वाजता

शिकवणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थिनीला चारला परत पाठवलं. एकच सूचना: “कोणती औषधं चालू आहेत” असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर “शुगरची अन् बीपीची” एवढंच येतं. दिवस विचारायचा.

“मावशी, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, चहा-भाकरीसकट सांगा.”

“उपाशीपोटी दवाखान्याची बारकी अन् ती लांबट. मंग भाकर खाल्ली की तिकडची येक.”

“तिकडची म्हणजे कुठली?”

“कारखान्याकडच्या डाक्टरची. ती बी साखरंचीच हाय. पर हिचा डबा येगळा, तिचा येगळा.”

मग मुलाला पिशवी आणायला सांगितलं. सगळं खाटेवर एका स्वच्छ कागदावर मांडलं. मांडताना घाई करायची नाही आणि “अरे बापरे” म्हणायचं नाही. रुग्णाला आपण चूक केली असं वाटलं की उरलेल्या गोळ्या पिशवीतच राहतात.

आरोग्य केंद्राच्या तीन स्ट्रिप कार्डाप्रमाणे होत्या. त्यांशिवाय ग्लिमेपिराइड 2 अधिक मेटफॉर्मिन 500 ची जोडगोळी, सकाळ-संध्याकाळ. टेल्मिसार्टन 40 अधिक हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5, सकाळी, डायक्लोफिनॅक 50 अधिक पॅरासिटामॉल, दिवसाला दोन, ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल, जुलाबांसाठी दोन दिवसांत चार गोळ्या. आठवी वस्तू म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या रिकाम्या पुड्या. एका पुडीत तीन गोळ्या असायच्या, अंगदुखीच्या. डिसेंबरपासून चालू, येताना महिन्याभराच्या बांधून आणलेल्या, दहा दिवसांपूर्वी संपल्या. त्या संपल्या म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं.

सांगितलेलं आणि घेतलेलं यांत फरक असतो, म्हणून मोजणी करायची. जोडगोळीचं बिल 12 दिवसांपूर्वीचं, 30 गोळ्यांचं; रिकामी स्ट्रिप दाखवून “अशीच द्या” म्हणून घेतलेली. शिल्लक 6. म्हणजे 12 दिवसांत 24, रोज दोन, एकही चुकलेली नाही. आरोग्य केंद्राची ग्लिमेपिराइड 16 दिवसांपूर्वी 30 मिळाली, शिल्लक 14. तीही रोज एक. बाई औषधाच्या बाबतीत अत्यंत नियमित होत्या, आणि त्रास त्यातूनच झाला.

स्ट्रिपच्या दोन्ही बाजूंचे फोटो तिथेच काढावेत. मेडिकलवाले पाच-सहा गोळ्या कापून देतात तेव्हा बॅच क्रमांक आणि मुदत छापलेला कोपरा बहुधा दुकानातच राहतो. तसं असेल तर बिलावरून बॅच मिळते का ते त्याच दिवशी पाहावं. आठवड्याने बिल सापडत नाही.

बेरीज

ग्लिमेपिराइड 1 + 2 + 2, दिवसाला 5 मिग्रॅ. कमाल मात्रा 8 असल्यामुळे हा आकडा पाहून कोणी दचकत नाही. पण मूत्रपिंड मंदावलेल्या वृद्ध माणसाला हे औषध 1 मिग्रॅपासून सुरू करायचं असतं, कारण यकृतात बनणारं त्याचं एक रूपही साखर उतरवतं आणि ते लघवीवाटे जातं. मूत्रपिंड मंदावलं की ते साचतं. त्यात ऑफ्लॉक्सॅसिन. या प्रतिजैविकाचा गट (फ्लोरोक्विनोलोन) स्वतःच इन्शुलिन सोडायला लावतो आणि सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांत साखर धोकादायक उतरल्याची नोंद जुनी आहे.

मूत्रपिंड का मंदावलं? टेल्मिसार्टन दोन ठिकाणचं मिळून 80, वर पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, वर दहा दिवस डायक्लोफिनॅक. यांतलं प्रत्येक औषध मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याचा एकेक आधार काढून घेतं. अंगात पाणी पुरेसं असेल तर हे निभतं. मे महिन्यातलं ऊन आणि दोन दिवसांचे जुलाब यांनी उरलेला आधार काढला. पोटॅशियम 5.6 त्यातूनच. मेटफॉर्मिन दिवसाला 2000 झालेलं, बायकार्बोनेट 18, म्हणजे मेटफॉर्मिन साचून रक्तात लॅक्टिक आम्ल वाढल्याची शंका. जुलाबांनीही ते उतरतं, म्हणून लॅक्टेट तपासायला सांगणं योग्य.

आता गणित. मूत्रपिंड किती काम करतंय (क्लिअरन्स) ते कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने: 140 वजा 64 म्हणजे 76, गुणिले 44 म्हणजे 3344, भागिले (72 × 2.1), म्हणजे 151.2, उत्तर 22.1, स्त्री म्हणून गुणिले 0.85, शेवटी 18.8 मिली प्रति मिनिट. विद्यार्थिनीने सकाळी वजन न विचारता 60 किलो धरलं होतं, तेव्हा उत्तर 25.6 आलं होतं. मेटफॉर्मिनसाठी फरक नाही, दोन्ही आकडे 30 च्या खाली, ते बंदच. पण ऑफ्लॉक्सॅसिनच्या मात्रेची रेषा 20 वर आहे: 20 ते 50 मध्ये नेहमीची मात्रा दिवसातून एकदा, 20 च्या खाली तिची निम्मी. गृहीत धरलेल्या सोळा किलोंनी रुग्ण रेषेच्या दुसऱ्या बाजूला गेला असता. इथे तापाशिवायच्या पातळ जुलाबांना ते हवंच नव्हतं, त्यामुळे बंद झालं; पुढच्या रुग्णाला ते कदाचित लागेल. वजनकाटा बिघडला असेल तर दुसऱ्या वॉर्डातून आणावा.

क्रिएटिनिन अजून चढत असताना हे सूत्र मूत्रपिंड आहे त्यापेक्षा बरं दाखवतं, हेही नोंदीत लिहायचं. 18.8 हा आकडा त्या दिवशी वरची मर्यादा समजावा.

डॉक्टरांना कसं सांगितलं

पावणेपाचला, खाटेपासून दूर, अर्ध्या मिनिटात:

“मॅडम, 12 नंबरच्या मावशी ग्लिमेपिराइड दोन ठिकाणचं घेत होत्या, दिवसाला 5 मिलिग्रॅम. स्ट्रिप मोजल्या आहेत. टेल्मिसार्टनही दुप्पट, डायक्लोफिनॅक दहा दिवस. क्लिअरन्स 19 च्या खाली, गोळीचा असर दीड-दोन दिवस राहू शकतो. डेक्स्ट्रोजबरोबर ऑक्ट्रिओटाइड द्यायचं का? आयसीयूत आहे, विचारून आले.”

यात इंटरॅक्शनची यादी नाही. काय सापडलं, कशावरून, पुढे काय होईल, काय करता येईल आणि ते कुठे मिळेल एवढंच आहे. शेवटचा भाग विद्यार्थी हमखास विसरतात. ऑक्ट्रिओटाइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडू देत नाही, पण एरवी ते रक्ताच्या उलट्यांसाठी, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवर वापरतात म्हणून आयसीयूत ठेवलेलं असतं. मेडिसिन वॉर्डाच्या कपाटात शोधून “उपलब्ध नाही” असं लिहिलं जातं.

ठरलेली मात्रा 50 मायक्रोग्रॅम त्वचेखाली, दर 8 तासांनी, तीन वेळा. अँप्यूल 1 मिलीत 100 मायक्रोग्रॅमचं, म्हणजे अर्धा मिली. इथे सिस्टरच्या हाताला इन्शुलिनची सिरिंज लागते आणि ती आपल्याकडे अनेकदा 40 युनिटची असते. तिच्यात अर्धा मिली म्हणजे 20 ची खूण. 100 युनिटच्या सिरिंजमध्ये तोच 50 वर येतो. “50 द्या” एवढं ऐकून कोणती खूण धरली जाईल सांगता येत नाही. 1 मिलीची साधी सिरिंज वापरावी आणि ऑर्डर “50 मायक्रोग्रॅम = 0.5 मिली” अशी लिहून घ्यावी.

सोबत 10 टक्के डेक्स्ट्रोज ताशी 75 मिली. पंप नव्हता. 20 थेंबांना 1 मिली पडणाऱ्या सेटवर हे मिनिटाला 25 थेंब होतात, 15 सेकंदांत सहा-सात. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो वाचूनच मोजावं. दुसऱ्या शिरेतून नॉर्मल सलाईन. शुगर आधी दर तासाला, मग दर दोन तासांनी.

दरम्यान ऑर्डर शीटवर इंटर्नने पोटॅशियमसाठी “रेग्युलर इन्शुलिन 10 युनिट, 25 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये” असं लिहून ठेवलं होतं. पुस्तकाप्रमाणे हा उपचार बरोबर. या बाईंना, या दिवशी, घातक. पोटॅशियम 5.6, ईसीजी नॉर्मल: टेल्मिसार्टन बंद आणि सलाईन पुरेसं. ती ऑर्डर सिस्टरने भरण्याआधी विद्यार्थिनीला दिसली, कारण ती त्या वेळी वॉर्डात उभी होती.

साडेपाचला पहिला डोस. रात्री आठला शुगर 128, सकाळी 142.

पुडीचं काय

पुडीतल्या गोळ्या “पांढरी, पिवळी, गुलाबी” होत्या. रंगावरून औषध ओळखायचं नाही, कितीही अनुभव असला तरी. नोंदीत “अज्ञात गोळ्या, तीन प्रकार, सुमारे पाच महिने, दहा दिवसांपूर्वी बंद” असंच लिहायचं.

पण अंदाज बांधायचा आणि तपासून घ्यायचा. बाईंना पुडीने “दोन दिवसांत उभं केलं” होतं, भूक वाढली होती, चेहरा भरला होता. फेब्रुवारीत तिकडच्या डॉक्टरांना शुगर 290 सापडली, म्हणून 2 मिग्रॅची जोडगोळी दोन वेळा सुरू झाली. पुडीत स्टिरॉइड असेल तर सगळं जुळतं: स्टिरॉइडने साखर चढवली, चढलेल्या साखरेसाठी गोळी वाढली, पुडी संपली, गोळी राहिली. शिवाय महिनोन्‌महिने घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबलं की अधिवृक्क ग्रंथी झोपलेलीच राहते आणि तेही साखर उतरण्याचं कारण होतं. पोटॅशियम मात्र या खात्यावर टाकू नये. बाहेरच्या स्टिरॉइडमुळे दबलेल्या ग्रंथीत अल्डोस्टेरॉन (पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढायला लावणारं संप्रेरक) बहुतेक शाबूत असतं.

सकाळी आठचं कॉर्टिसॉल (त्या ग्रंथीचं स्वतःचं स्टिरॉइड) हायड्रोकॉर्टिसोनचा पहिला डोस देण्याआधी घ्यायला हवं, नाहीतर आकडा निरुपयोगी. आलं 7 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. 3 च्या खाली असतं तर उत्तर मिळालं असतं, 15 च्या वर असतं तर शंका मिटली असती. 7 मध्ये लटकतं, आणि आजारी माणसात 7 कमीच वाटतं. डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन सकाळी 10 आणि दुपारी 5 मिग्रॅ सुरू केलं, एसीटीएच उत्तेजन चाचणी पुढच्या भेटीवर ठेवली.

नोंद आणि गुण

भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा फॉर्म भरला गेला. राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, पण फॉर्म जवळच्या एडीआर (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या) केंद्रात द्यायचा. गंभीरतेच्या रकान्यात “जिवाला धोका” आणि “रुग्णालयात दाखल” दोन्हींवर खूण. संशयित औषधात ग्लिमेपिराइडच्या दोन्ही स्ट्रिप वेगवेगळ्या ओळींवर, ऑफ्लॉक्सॅसिनही. पुडी सोबतच्या औषधांत.

त्रास औषधामुळेच झाला असण्याची शक्यता गुणांत मोजणाऱ्या नॅरान्जो मोजपट्टीत विद्यार्थिनीने 7 गुण दिले, “संभाव्य” ऐवजी एक पायरी वरचं “बहुधा”. चूक पाचव्या प्रश्नात. “दुसऱ्या कारणाने हे घडू शकलं असतं का?” याला तिने “नाही” धरून +2 दिले. मूत्रपिंड, ऑफ्लॉक्सॅसिन, कमी जेवण, पुडी बंद अशी चार कारणं तिनेच वर लिहिली होती. उत्तर “हो”, गुण −1. मग बेरीज अशी: पूर्वी नोंद आहे +1, औषधानंतर घडलं +2, थांबवल्यावर सुधारलं +1, मोजून सिद्ध झालं +1, आणि −1, एकूण 4, “संभाव्य”. कारण स्वतः शोधून काढलं की त्याला जास्त गुण द्यावेसे वाटतात.

घरी जाताना

पाचव्या दिवशी क्रिएटिनिन 1.3, त्याच सूत्राने क्लिअरन्स सुमारे 30. ग्लिमेपिराइड कायमचं बंद, मेटफॉर्मिन तूर्त बंद. टेनेलिग्लिप्टिन 20 सकाळी एक, ज्याची मात्रा मूत्रपिंडासाठी बदलावी लागत नाही. रक्तदाबाला अम्लोडिपिन 5. अंगदुखीला पॅरासिटामॉल 500, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही. हायड्रोकॉर्टिसोन वर सांगितल्याप्रमाणे, आणि ते स्वतःहून थांबवायचं नाही हे लाल अक्षरात.

जुन्या स्ट्रिप संमती घेऊन रुग्णालयाच्या औषध विभागात जमा केल्या, आरोग्य केंद्राला फोन करून कार्ड बदलून घेतलं. कार्ड तसंच राहिलं असतं तर पुढच्या महिन्यात तीस गोळ्या पुन्हा घरी आल्या असत्या.

नव्या स्ट्रिपवर मार्कर पेनने सूर्य. सून वाचू शकते, बाई नाही. म्हणून समजावणं दोघींना, पण उलट सांगायला लावायचं बाईंना. पहिल्यांदा त्यांनी पॅरासिटामॉल रोज तीन सांगितलं. दुरुस्त केलं, पुन्हा विचारलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात एकच कागद: चालू औषधं, बंद केलेली औषधं रासायनिक नावाने आणि ब्रँडच्या नावानेही, क्रिएटिनिन, वजन. दिवाळीनंतर कारखान्यावर गेल्यावर तिथल्या डॉक्टरांपुढे आधी हा कागद, मग तक्रार.

सातव्या दिवशीची तपासणी दुपारी तीनची दिली, विद्यार्थिनीच्या राउंडच्या वेळेबाहेर. बाई पिशवीसकट आल्या. टेनेलिग्लिप्टिनच्या 15 मधल्या 8 उरल्या होत्या, उपाशी शुगर 136, क्रिएटिनिन 1.1. पिशवीच्या तळाशी शेजारणीने दिलेल्या डायक्लोफिनॅकच्या दोन गोळ्या होत्या, न फोडलेल्या.